सरकता गुण्या

दुर्भाटच्या धक्क्यापाशी बाबा होड्या बांधायचे.
सरळ लाकूड त्यांना आवडत नसे.
माटीची फांदी खोडातून जिथे फुटते
तो कोपरा शोधत ते सांग्याच्या रानात हिंडायचे.
"बाक करवतीनं काढला तर नस तुटते, बाये.
झाडानं आपण वाकवलेलं लाकूडच लाटेचा मार खातं."

माझा बाक मात्र त्यांना उशिरा दिसला.
सहा वर्षांची मी, फेरीबोटीच्या फळीवरून उतरताना डुलायची;
उजव्या पायावर भार आला की डावी कंबर खाली जायची.
शाळेत मला बदक म्हणत.
आई म्हार्दोळला नवस बोलली, रोज खोबरेल चोळत राहिली.

बांबोळीला डॉक्टर फुर्तादोंनी काचेमागचा दिवा लावला.
वर चेंडू, चेंडूखाली मान,
मान जिथे दांड्याला मिळते तिथे कोन.
"एकशेपस्तीसच्या घरात हवा. हिचा पंचाण्णव."

बाबांनी खिशातून सरकता गुण्या काढला.
पितळी पातं मानेवर, शिसवी मूठ दांड्यावर,
स्क्रू आवळला, उजेडात धरला.
"त्र्याण्णव, दोतोर."
डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा मोजलं.

मग दोघे बोलत बसले, आणि मी स्टुलावर
पाय हलवत माझ्याच हाडाबद्दल ऐकत राहिले.
एका पायावर उभं राहिलं की
देहाच्या अडीच-तीनपट भार खुब्यावर येतो,
कारण पलीकडचं अंग कोसळू नये म्हणून
खुब्याबाहेरचे स्नायू
वल्ह्याच्या आखूड टोकाला धरून ओढत असतात.
मानेच्या खालच्या कडेला दाब, वरच्या कडेला ताण,
आणि हाड आतून त्याच वाटांनी विणलेलं:
एक जुडी उभी, चेंडूपासून खाली उतरणारी,
एक कमान तिला ओलांडून जाणारी.
बाबांनी त्या रेघांवरून नख फिरवलं.
"ही नस."
"आम्ही दुसरं काहीतरी म्हणतो," डॉक्टर म्हणाले,
"पण हो. नसच."

हिची वाढीची चकती उभी झाली आहे,
म्हणून भार तिला दाबत नाही, कातरतो.
बाहेरच्या अंगाने एक पाचर काढायची,
फट मिटवायची, मान वर उचलली जाईल.
कातर होती तिथे पुन्हा दाब येईल.
हाडाला दाब कळतो.

त्या रात्री बाबांनी फणसाच्या लाकडातून माझी मांडी कोरली.
पाचर काढली, मिटवली, खिळा ठोकला,
आणि कंदिलाशी धरून ओरडले, "अगो, पाय लांबला!"
बोटभर. डॉक्टरांनी हे सांगितलंच नव्हतं.
बाबा दोन दिवस माझ्याऐवजी त्यांच्यावर रागावून होते.

तीन महिने प्लॅस्टर. त्यात मुंग्या गेल्या होत्या.
दोन वर्षांनी पट्टी निघाली, सहा स्क्रूंसकट.
बाबांनी ती दोरीला बांधून
अख्खा पावसाळा झुआरीत बुडवून ठेवली.
चतुर्थीच्या आधी वर काढली तर शिंपले चिकटलेले,
गंजाचा ठिपका नाही.
"असलं लोखंड आम्हाला कोण देईल," म्हणाले,
आणि पट्टी रंध्यांच्या पेटीत टाकली.

परवा ते पडले.
होडीवरून नव्हे, न्हाणीत, एक्याऐंशीव्या वर्षी.
आता काचेमागे दिवा नसतो; पोरसवदा डॉक्टरीण
पडद्यावर बोटांनी हाड मोठं करते.
मानेत काळी चीर.
भोवतीच्या नसा विरळ झालेल्या:
बारीक आडव्या आधी जातात, ती म्हणाली,
मग ताणाची कमान,
दाबाच्या ओळी सगळ्यांच्या शेवटी.
त्या अजून आहेत. मोजता येण्याइतक्या.

खाटेवरून बाबांनी विचारलं, "किती?"
ती म्हणाली, आजोबा, आता कोनाचा प्रश्न नाही, चेंडूच बदलायचा.
ते माझ्याकडेच बघत राहिले.

घरी येऊन पेटी उघडली.
गुण्याचा स्क्रू गच्च बसलाय.
तेल घालून ठेवलंय, सकाळपर्यंत सुटेल.